विश्लेषण : अणुकेंद्रक फुटणार हे नक्की, पण तुकडा कोणता मिळणार?

कांजूरमार्ग स्थानकावर उतरून पवईच्या आयआयटीकडे जाणाऱ्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला समस्थानिक म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. पण निसर्गात न टिकणारे दुर्मीळ समस्थानिक प्रयोगशाळेत किती मिळतील, हे आधी सांगणे जगभरातील तज्ज्ञांनाही अवघड जाते.

विखंडन म्हणजे काय?

जड अणुकेंद्रकांचा झोत प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने बेरिलियम किंवा कार्बनच्या पातळ लक्ष्यावर सोडतात. तिळगुळाचे दोन लाडू एकमेकांना घासून गेले तर जेवढा भाग भिडला तेवढाच झडतो. इथेही तसेच होते. उरलेला तुकडा जवळपास त्याच वेगाने पुढे जातो. तो तापलेला असल्याने आणखी काही न्यूट्रॉन-प्रोटॉन टाकून थंड होतो. त्यातून शेकडो प्रकारचे समस्थानिक तयार होतात. युरेनियमचे दोन भाग होतात ते विभाजन. ही प्रक्रिया वेगळी.

अंदाज कशासाठी?

निर्मितीची शक्यता ‘बार्न’ या एककात मोजतात. अतिदुर्मीळ समस्थानिकासाठी ती एक पिकोबार्न, म्हणजे बार्नचा एक लाख कोटीवा भाग असू शकते. अशा वेळी सुमारे साडेपाच मिलिमीटर जाडीच्या बेरिलियमवर साधारण १५ लाख कोटी अणुकेंद्रके सोडल्यावर हवे ते एक मिळते. अंदाज दहापट चुकला, तर एका दिवसाच्या कामाला दहा दिवस लागतात. झोताचा वेळ मोजून मिळत असल्याने तेवढे दिवस मिळतीलच असे नाही.

अंदाज बांधतात कसा?

‘एपॅक्स’ हे सूत्र सर्वाधिक वापरले जाते. प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांवर ते बेतलेले आहे. त्यामुळे मोजमापांच्या पलीकडे गेले की भरवसा कमी होतो. कथिल-१०० मध्ये ५० प्रोटॉन आणि ५० न्यूट्रॉन असतात. जर्मनीतील जीएसआय प्रयोगशाळेत १९९४ मध्ये झेनॉन-१२४ फोडून ते मिळवले गेले. पुढे जपानच्या रिकेन संस्थेत तेच केंद्रक वापरून मोजलेली शक्यता जर्मनीतील आकड्याच्या कित्येक पटींनी कमी निघाली. आता मशीन लर्निंगची मदत घेतली जाते. यातील बेझियन पद्धती अंदाजासोबत तो किती डळमळीत आहे, हेही सांगतात. तरीही मोजलेले आकडे नसतील, तर संगणकही अंधारातच चाचपडतो.

नवे काय मिळाले?

अमेरिकेतील मिशिगनमध्ये २०२२ साली सुरू झालेल्या एफरिब केंद्रात प्लॅटिनम-१९८ फोडून थुलियम, यिटर्बियम आणि ल्युटेशियमचे पाच नवे समस्थानिक सापडले. हा शोध २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ताऱ्यांच्या टकरीत सोन्यासारखी जड मूलद्रव्ये कशी घडतात, हे समजून घेण्यासाठी अशा न्यूट्रॉनबहुल केंद्रकांची माहिती लागते.

मुंबईत हे होते का?

कुलाब्यात टीआयएफआरच्या आवारातील १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन १९८८ पासून अणुकेंद्रकांचा अभ्यास करतो. मात्र त्याची ऊर्जा अशा विखंडनासाठी पुरेशी नाही. रुग्णालयांत तपासणीसाठी लागणारे समस्थानिकही या मार्गाने येत नाहीत. तुर्भ्याच्या ‘ध्रुव’सारख्या अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याने ते तयार होतात. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच : किती मिळेल, आणि ते क्षय पावण्याआधी हाती येईल का?