थंड मुलखात बिऱ्हाड करताना

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे काही मोठे शहर नव्हे. जालना-जिंतूर रस्त्यास सेलूची वाट जेथे मिळते, तेथे वसलेला तो एक थांबा आहे. परंतु मराठवाड्यातील माणूस परमुलखास निघतो तो बहुधा अशाच एखाद्या फाट्यावरून. कोणी पलटणीत भरती होऊन जातो, कोणी मालमोटार चालवीत उत्तरेस पोहोचतो, कोणी शिक्षणासाठी वा रस्त्या-बोगद्यांच्या कामावर जातो. आणि मग पत्नी, मुले, क्वचित आईवडीलही मागाहून त्या मुलखात राहावयास जातात. सिमला, श्रीनगर, लेह ही नावे अशा वेळी घरोघर ऐकू येऊ लागतात. बर्फ पाहण्याची हौस आठ दिवसांत फिटते. पुढे त्या बर्फात संसार करावयाचा असतो. त्याची तयारी कोणती, याचा विचार निघण्यापूर्वीच झालेला बरा.

थंडी ही मराठवाड्यास अगदी अपरिचित आहे असे नाही. परभणीचा हिवाळा त्या भागात कडक समजला जातो. काही वर्षी पहाटेचा पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. पण ही थंडी रात्रीची पाहुणी होय. सूर्य कासराभर वर आला की ती ओसरते आणि दुपारी अंगावरची शाल नकोशी होते. थंड मुलखातील हिवाळा याहून निराळा असतो. तेथे भिंती, फरशी, अंथरूण, पाणी ही सारीच दिवसेंदिवस थंड राहतात व शरीराची उष्णता एकसारखी ओढून घेतात. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या कडाक्यास ‘चिल्लई कलां’ असे नाव आहे. त्यानंतर वीस दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ व शेवटी दहा दिवसांची ‘चिल्लई बच्चा’ येते. म्हणजे तेथील लोकांनी थंडीचे सत्तर दिवस मोजून, त्यांस नावे देऊन, त्यांच्यासाठी आगाऊ बेगमी करण्याची रीत घातली आहे. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचा पारा शून्याखाली ८ अंशांच्याही पलीकडे गेला होता.

या मुलखात मराठी माणूस नवखा नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या तालुक्यांतून सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायासाठी बाहेर पडलेली कुटुंबे हिंदुस्थानभर पसरली. त्यांपैकी काही श्रीनगरासही स्थायिक झाली व तेथे गणेशोत्सवही साजरा करतात. दुष्काळी माणदेशातून निघालेल्या माणसांस हे साधले, तर गोदावरीच्या खोऱ्यातील माणसांस का साधू नये? मात्र साधण्याची रीत समजून घेतली पाहिजे.

प्रथम कपड्यांचा विचार करू. कापड स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ते शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. आणि हे काम वस्तुतः कापडाच्या धाग्यांत व दोन कपड्यांच्या मध्ये अडकलेली हवा करते. यास्तव एकच जाड कोट घालण्यापेक्षा तीन बेताचे कपडे एकावर एक घालणे अधिक हितकर. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा पातळ लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर लोकरी स्वेटर, आणि सर्वांवर वारा व ओल अडविणारा कोट, असा क्रम असावा. मराठवाड्यात नित्याचा असलेला सुती बनियन येथे घात करतो, कारण सूत घामाने भिजले की ओलेच राहते व अंग गार पाडते. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. आपल्याकडचा धनगर पावसातही घोंगडी पांघरतो, त्यामागे हेच शास्त्र आहे. चांगली घोंगडी घरातून खुशाल न्यावी. अंथरुणाखाली ती गादीइतकीच उपयोगी पडते. पायांत घट्ट जोडा घालू नये. दोन मोजे घालूनही बोटे हलतील एवढा सैल जोडा असावा, कारण आवळलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही.

हे कपडे मुक्कामी पोहोचल्यावर घेऊ, असे म्हणून भागत नाही. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसने परभणीहून उन्हात निघाले, तरी पुढचा प्रवास उत्तरेच्या थंडीत करावा लागतो. स्वेटर, कानटोपी व मोजे ट्रंकेच्या तळाशी न घालता हाताशी ठेवावेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे घरातील विस्तव. आपल्याकडे शेकोटी अंगणात पेटते. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची चाल आहे खरी. परंतु जुन्या धाब्याच्या वा पत्र्याच्या घरात वारा येण्यास हजार फटी असत. थंड मुलखातील घर नेमके उलटे असते. तेथे दारे-खिडक्यांच्या फटी चिंध्या व कागद घालून बुजविलेल्या असतात. अशा बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून निजणे म्हणजे मृत्यूस घरात घेणे होय. कोळसा अपुऱ्या हवेत जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्यास प्राणवायू चिकटतो त्यासच हा वायू चिकटतो, आणि तेही प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने. मनुष्य श्वास घेत असतो, पण प्राणवायू शरीरास पोहोचत नाही. प्रथम डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्यास तर हेही कळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरच्या पांद्रेठण भागात भाड्याच्या घरात राहणाऱ्या एकाच कुटुंबातील आईवडील व तीन मुले अशा पाच जणांचा थंडीच्या रात्री गुदमरून अंत झाला. ही माणसे त्याच मुलखातील होती; मग नवख्याने किती सावध असावे, हे सांगावयास नको.

म्हणून नियम असे. धुराडे बाहेर काढलेली ‘बुखारी’ हीच घरात पेटवावी, व तिची नळी काजळीने तुंबली नाही ना, हे हिवाळ्याच्या आरंभी व मधूनमधून पाहावे. नळी नसलेली शेगडी, कोळशाची घमेली किंवा गॅसची शेगडी निजावयाच्या खोलीत ठेवू नये. गॅसवर पाणी तापविण्याचे यंत्र बंद न्हाणीघरात लावू नये. झोपण्यापूर्वी विस्तव विझवावा, आणि कितीही थंडी असली तरी खिडकीची एक फट उघडी ठेवावी. विजेचा तापक असेल तर त्यावर कपडे वाळवू नयेत व त्यास जाड तारेची स्वतंत्र जोडणी असावी. घरातील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर ते थंडीमुळे आहे असे न समजता सर्वांनी तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे व ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागावी.

काश्मिरी माणूस फेरनाच्या आत ‘कांगडी’ धरून बसतो. वेताच्या विणीत बसविलेले ते निखाऱ्यांचे मातीचे भांडे होय. ती हाताळण्याची कला लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते. नवागताने ती अंथरुणात कदापि घेऊ नये. वर्षानुवर्षे एकाच जागी शेक बसल्याने कातडीस कर्करोग झाल्याची उदाहरणेही वैद्यकास ठाऊक आहेत.

पाण्याची तऱ्हा निराळी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि लोखंडी नळही फोडते. कडाक्याच्या रात्री नळाची बारीक धार चालू ठेवावी, अथवा मुख्य तोटी बंद करून नळ रिकामा करावा. सकाळपुरते पाणी संध्याकाळीच भरून स्वयंपाकघरात ठेवावे. गोठलेल्या नळास पेटता पलिता लावू नये. गरम पाण्यात बुडविलेली फडकी गुंडाळावी.

अन्नाच्या बाबतीत मराठवाड्याचा माणूस सुदैवी आहे, कारण बेगमीची सवय त्याच्या घरात आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात सांडगे, कुरडया, वाळवणे करणारी गृहिणी आणि उन्हाळ्यात वांगी, दुधी, टोमॅटो वाळवून हिवाळ्यासाठी ठेवणारी काश्मिरी गृहिणी, या दोघी एकाच विद्येच्या जाणकार होत. बर्फ पडल्याने वा दरड कोसळल्याने जम्मू-श्रीनगर रस्ता बंद पडला की भाजी महागते. यास्तव दोन आठवड्यांचे धान्य, डाळ, तेल, आणि विशेषतः नित्याची औषधे घरात असावीत. तीळ, गूळ, बाजरी, शेंगदाणे, डिंकाचे लाडू हे पदार्थ या हवेस मानवतात. ज्वारीचे पीठ तेथे सहज मिळेल या भरवशावर राहू नये. लेहसारख्या उंच ठिकाणी पाणी ८८ अंशांच्या सुमारासच उकळते, म्हणून डाळ शिजविण्यास कुकर हवाच. खोबरेल तर परभणीच्या हिवाळ्यातही थिजते. तरी कोरड्या हवेने फुटणाऱ्या त्वचेस तेच बाटली कोमट पाण्यात ठेवून लावावे. तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे सोडू नये. मद्याने ऊब येते हा तर निव्वळ भ्रम होय. मद्याने कातडीजवळील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर उबदार वाटते, आणि शरीराची आतली उष्णता बाहेर निघून जाते.

ज्यांस लडाखात जावयाचे आहे त्यांस थंडीपेक्षाही विरळ हवेचे भय अधिक. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच, श्रीनगर सुमारे १६०० मीटर, तर लेह सुमारे ३५०० मीटर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाइतकाच उरतो. विमानाने उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. सामान उचलणे, जिने धावत चढणे, गरम पाण्याने दीर्घ स्नान हे सारे टाळावे. डोकेदुखी व अरुची दोन दिवसांत ओसरते. परंतु बसल्या जागी दम लागणे, खोकला वाढणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे व खाली उतरावे. वृद्ध, हृदयविकारी व गरोदर स्त्रिया यांनी वैद्याचा सल्ला निघण्यापूर्वीच घ्यावा.

बोटे बधिर होऊन मेणासारखी पांढुरकी दिसू लागली तर ती हिमदंशाची सुरुवात समजावी. अशी बोटे चोळू नयेत, बर्फाने तर नाहीच. विस्तवाजवळही धरू नयेत, कारण बधिर अंग भाजले तरी कळत नाही. अंगास सोसेल अशा कोमट पाण्यात ती बुडवावीत व वैद्याकडे जावे. चालताना लहान पावले टाकावीत व हात खिशाबाहेर ठेवावेत. ताज्या बर्फापेक्षा रात्री गोठून काचेसारखा झालेला रस्ता अधिक घसरडा असतो. उतरत्या छपराच्या वळचणीखाली उभे राहू नये. तेथून बर्फाचा थर अचानक कोसळतो.

मोटार चालविणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साधे डिझेल अति थंडीत घट्ट होते. म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखासाठी शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल विक्रीस आणले. देशावर भरलेली टाकी घेऊन थेट डोंगरात जाऊ नये, आणि रेडिएटरमध्ये नुसते पाणी ठेवू नये.

शेवटी, मनाची थंडीही असते. दिवस लहान, ऊन दुर्मिळ, भाषा परकी. घरात राहणाऱ्या स्त्रियांस व वृद्धांस हे विशेष जाचते. ऊन पडेल त्या घटकेस बाहेर बसावे, आणि शेजाऱ्यांशी ओळख पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी. कोणता नळ आधी गोठतो, कोणती बुखारी धूर सोडते, कोणता रस्ता बंद पडतो, हे शेजाऱ्यास ठाऊक असते. आणि रोज रात्री निजण्यापूर्वी घरातील एका जबाबदार माणसाने चार गोष्टी पाहूनच दिवा मालवावा: विस्तव विझला आहे, खिडकीची फट उघडी आहे, पाणी भरले आहे, आणि मुलांचे हातपाय उबदार आहेत.