दोन घरे, एक संसार : सीमाभागातील नोकरदार दांपत्ये

प्रस्तावना
विवाह म्हणजे एक छप्पर व एक चूल, असे आपल्या समाजात गृहीत धरले जाते. म्हणून पती-पत्नी दोन गावी राहत असतील, तर 'त्यांचे पटत नसावे' असा तर्क लगेच केला जातो. काकती-निपाणी पट्ट्यासारख्या सीमाभागात हा तर्क तपासून पाहणे आवश्यक आहे.

संकल्पना
नेदरलँड्समध्ये 1970 च्या दशकाच्या अखेरीस अशा जोडप्यांसाठी 'लॅट' हा शब्द रूढ झाला. 'एकत्र, पण वेगळ्या घरी' असा त्याचा आशय आहे. आयरीन लेव्हिन यांनी 2004 मध्ये त्यासाठी तीन अटी सांगितल्या : दोघे स्वतःस जोडपे मानतात, इतरही तसे मानतात आणि दोघांची घरे वेगळी असतात. यांतही दोन प्रकार आहेत. काही जोडपी स्वेच्छेने वेगळी राहतात. तर काहींना नोकरी, मुले किंवा वृद्ध पालक यांमुळे तसे राहावे लागते. आपल्याकडे दुसरा प्रकार ठळकपणे दिसतो.

सीमाभागातील स्वरूप
समजा, पती काकती परिसरातील कर्नाटक शासनाच्या शाळेत शिक्षक आहे व पत्नी कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. महाराष्ट्राच्या 27 फेब्रुवारी 2017 च्या बदली धोरणात 30 किलोमीटरपेक्षा अधिक अंतरावर असणाऱ्या पती-पत्नी शिक्षकांना विशेष संवर्गात स्थान दिले होते. केंद्र शासनानेही 1986 व 2009 मध्ये पती-पत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमण्याच्या सूचना दिल्या. परंतु राज्य बदलले की सेवा बदलते. पत्नीची बदली सीमेलगतच्या गावापर्यंत होऊ शकेल, काकतीच्या शाळेत नाही. दोन भाडी, दोन स्वयंपाकघरे आणि मुले कोणाजवळ ठेवावीत हा प्रश्न मात्र कायम राहतो.

न्यायालयांची दृष्टी
हिंदू विवाह कायद्याखालील दोन निकाल येथे उद्बोधक आहेत. दोन्हींत पत्नी शिक्षिका होती. कैलाशवती प्रकरणात (1977) पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने पतीच्या घरी राहणे हे पत्नीचे कर्तव्य मानले. स्वराज गर्ग प्रकरणात (1978) पत्नी पंजाबातील सुनाम येथे नोकरीस होती, पती दिल्लीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, वैवाहिक घर कोठे असावे हे ठरविण्याचा अंतिम अधिकार एकट्या पतीचा नाही. दोघांच्या परिस्थितीचा विचार झाला पाहिजे. थोड्याच काळाच्या अंतराने आलेल्या या दोन निकालांत 'घर कोणाचे?' या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे मिळतात.

समारोप
वेगळे घर हा नाते तुटल्याचा पुरावा नव्हे. तसेच ते प्रत्येक वेळी स्वातंत्र्याचे लक्षणही नव्हे. कुटुंबसंस्था शिकविताना अध्यापकांनी तीन प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवावेत : वेगळे राहण्याचा निर्णय कोणी घेतला? तो किती काळासाठी आहे? त्याचा भार कोण उचलते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दर वेळी 'पत्नी' असेच येत असेल, तर त्या व्यवस्थेला केवळ 'सोय' म्हणता येणार नाही.