फेल गेलेल्या बोरमध्ये गटार सोडू देऊ नका



पावसाळा संपता संपता आमच्या भागातल्या एका गल्लीत काविळीचे पेशंट लागोपाठ निघाले. तिथे नळाला एक दिवसाआड पाणी, तेही तासभर. बाकी सगळं हातपंपावर. आम्ही घरोघर फिरून माठ बघितले, नळाच्या जोडण्या बघितल्या. मग गल्लीच्या तोंडाशी एक फेल गेलेला बोर दिसला. त्याच्या केसिंगमध्ये पाइप खोचलेला होता. शेजारच्या चाळमालकाने संडासाच्या टाकीतून वाहून जाणारं पाणी त्यात सोडलं होतं. विचारलं तर म्हणाला, "त्या बोरला पाणीच नाही, मग बिघडलं काय?" काविळीचं कारण तेच होतं हे सिद्ध करण्याइतकी तपासणी आम्हाला करता आली नाही. पण हातपंपाचं पाणी भरून ठेवलेली एच-टू-एसची बाटली दुसऱ्या दिवशी काळी पडली. म्हणजे त्या पाण्यात मैला मिसळला असण्याची दाट शक्यता होती.

चाळमालकाचं म्हणणं आपल्यातल्याही काही जणांना पटलं होतं. म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

बोर म्हणजे जमिनीत ठेवलेला वेगळा रांजण नव्हे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली खडक, आणि पाणी असतं ते मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. एक भेग दुसरीला मिळते. तुमच्या हातपंपाला ज्या भेगेतून पाणी येतं, तीच भेग शेजारच्या फेल बोरलाही लागलेली असू शकते. घाण पाणी मातीतून हळूहळू झिरपलं तर माती त्यातले बरेचसे जंतू अडवते. बोरमधून सोडलं की माती आणि मुरूम वरच राहतात आणि मैला थेट भेगेत जातो. खडकाच्या भेगेत गाळणी नसते. पाणी एका दिवसात किती लांब जाईल, हेही वरून सांगता येत नाही.

मैल्याबरोबर हगवण, टायफॉइड आणि काविळीचे जंतू येतात. अशा पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. जंतू उकळल्याने मरतात. नायट्रेट मात्र मरत नाही, आणि तेही संडासाच्या पाण्यातूनच उतरतं. उकळून पाणी आटलं की त्याचं प्रमाण उलट वाढतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं, असं भारतीय मानक आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडू लागतं. गॅरेजचं तेल, रंगाचं पाणी, कारखान्याचं रसायन यांवर तुरटी, मेडिक्लोर, उकळणं यातलं काहीच चालत नाही.

आणि एकदा खाली गेलेलं सहज बाहेर काढता येत नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात रंगासाठी लागणारं एच-ॲसिड बनवणारे कारखाने होते. त्यांचा गाळ उघड्यावर पडला आणि झिरपत गेला. कारखाने बंद झाले, तरी विहिरींचं पाणी काळपट तपकिरीच राहिलं. ते माणसांना चालेना, गुरांना चालेना, शेतालाही चालेना. 13 फेब्रुवारी 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्याने घाण केली त्यानेच साफसफाईचा खर्च भरायचा. तिथे तर घाण वरून झिरपली होती. बोरमधून सोडली तर झिरपायलाही वेळ लागत नाही.

जमिनीत सोडायच्या सांडपाण्याला नियम कसा लावायचा, याचा बारीक विचार अमेरिकेने 1974 च्या पेयजल कायद्यात केला. तिथे अशा विहिरींचे आज सहा वर्ग आहेत. कारखान्याचं सांडपाणी सोडायचंच असेल तर पिण्याच्या पाण्याच्या सगळ्यात खालच्या थराच्याही खाली, परवाना घेऊन, केसिंगभोवती सिमेंट भरून आणि गळतीची तपासणी करून सोडावं लागतं. तेही निर्धोक नाही. डेन्व्हरजवळ सैन्याच्या रसायन कारखान्याने 1962 पासून सुमारे 12 हजार फूट खोल विहिरीत सांडपाणी ढकललं आणि भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. 1966 मध्ये ते थांबवावं लागलं. पण आपल्या कामाचा आहे तो पाचवा वर्ग, म्हणजे साध्या उथळ विहिरी आणि शोषखड्डे. त्यांतली गॅरेजची घाण सोडायची भोकं आणि अनेक घरांचा कच्चा मैला थेट जमिनीत सोडणारे मोठे खड्डे नव्याने करायला तिथे 2000 पासून बंदी आहे. असे जुने मैल्याचे खड्डे 2005 पर्यंत बंद करायला लावले. म्हणजे आपल्या चाळमालकाने केलं तशाच गोष्टींचा बंदोबस्त.

आपल्याकडे कायदा नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आपला जल प्रदूषण कायदाही 1974 चाच. त्यात 'प्रवाह' या शब्दाच्या व्याख्येतच जमिनीखालचं पाणी धरलं आहे, आणि कलम 24 प्रवाहात किंवा विहिरीत दूषित पदार्थ जाणूनबुजून सोडायला मनाई करतं. चवदार तळं डोळ्यांसमोर होतं, कोण अडवतं तेही दिसत होतं. इथे पाणीही दिसत नाही आणि ते नासवणाराही दिसत नाही, म्हणून डोळे उघडे ठेवावे लागतात. रात्री टँकर येऊन रिकामा जातो का? बंद बोरच्या तोंडाला नवा पाइप दिसतो का? पंपाच्या पाण्याला वास, फेस, तेलाचा तवंग येतो का? तारीख, वेळ लिहा, फोटो काढा.

अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या आणि पोच घ्या. संडासाचं पाणी असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा ग्रामपंचायतीलाही प्रत द्या. एक गोष्ट आम्ही ठेच लागून शिकलो. आपण बाटलीत भरून नेलेला नमुना आपल्या माहितीसाठी असतो. मंडळाला कोर्टात पुरावा म्हणून वापरायचा नमुना त्यांच्या अधिकाऱ्याने कलम 21 च्या पद्धतीने, समोरच्याला नोटीस देऊन घ्यावा लागतो. म्हणून अर्जात "पाणी खराब आहे" एवढंच लिहून थांबू नका. "अधिकाऱ्याने येऊन कलम 21 प्रमाणे नमुना घ्यावा" हे वाक्य स्वतंत्र लिहा. मंडळ हललं नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यात आहे.

आपलं घरही तपासा. छताचं पावसाचं पाणी बोरमध्ये सोडणं चांगलं, पण पहिल्या सरींचं पाणी बाहेर जाऊ द्या आणि पुढचं वाळू-खडीच्या गाळणीतून सोडा. अंगणाचं, मोरीचं पाणी त्यात नको. फेल बोर उघडा ठेवू नका. लेकरं पडून मेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये असे बोर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे टाकून बुजवायला सांगितलं आहे. नुसतं वर फरशी ठेवून भागत नाही.

आमच्या गल्लीतला तो पाइप शेवटी निघाला. बोर बुजवायला चाळमालकाने मुरूम दिला, टाकायला माणसं आपलीच होती. हातपंपाचं पाणी अजून प्यायला घेत नाही, फक्त धुण्याला. नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दिला आहे. तुम्ही द्याल तेव्हा जंतूंच्या तपासणीची बाटली तिथूनच निर्जंतुक केलेली मागून घ्या, बर्फात ठेवून न्या आणि भरल्यापासून चोवीस तासांच्या आत पोचवा.