पालकांचीही शाळा

भिलईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि दूरदूरची कुटुंबे कारखान्याच्या वसाहतीत आली. आजी-आजोबा गावीच राहिले. बाप रात्रपाळी करून दिवसा निजतो. मूल गलका करते आणि धपाटा खाते. धपाट्याने ते गप्प होते, शहाणे होत नाही. १९२६ साली गिजुभाई बधेकांसह नूतन बालशिक्षण संघ उभारणाऱ्या ताराबाई मोडक यांनी ‘शिक्षणपत्रिके’तून पालकांच्याच शिक्षणाचा आग्रह धरला. आजच्या पालक-कार्यशाळांचे मर्मही हेच: आईबापांनी एकमताने मोजके नियम ठरवावेत, त्यांचे कारण सांगावे, ते स्वतः पाळावेत आणि चूक निस्तरताना मुलाला साह्य करावे. मग बाप निजला असता अंगणात खेळावे, हे मुलाला निराळे सांगावे लागत नाही.