राष्ट्रीय जैवविविधता धोरण आणि वनेतर भूमी : जालना जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एकूण भूक्षेत्रापैकी किमान एक तृतीयांश क्षेत्र वने व वृक्षाच्छादनाखाली असावे, असे उद्दिष्ट ठेवले. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. केवळ या निकषाने पाहिल्यास जिल्ह्यात संरक्षण करण्यासारखे फारसे काही उरत नाही. प्रत्यक्षात येथील सजीवसृष्टी माळराने, गायराने, शेतांचे बांध आणि गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांचे काठ यांच्या आश्रयाने टिकून आहे. त्यामुळे वनांबाहेरील भूमीपर्यंत राष्ट्रीय धोरण कितपत पोहोचते, हा जालन्यासारख्या जिल्ह्यासाठी कळीचा प्रश्न ठरतो.

धोरणाची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्राण्याला तो कोठेही असला तरी संरक्षण देतो; अधिवासाला मात्र मुख्यतः अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांच्या सीमेतच देतो. १९८० चा वनसंवर्धन कायदा वनभूमीपुरता मर्यादित आहे. परिणामी काळविटाची शिकार हा गुन्हा आहे. परंतु ज्या माळावर तो चरतो तो माळ नांगरला जाणे किंवा त्यावर बांधकाम होणे या कायद्यांच्या कक्षेत सहसा येत नाही.

ही उणीव अंशतः भरून काढणारा कायदा म्हणजे जैविक विविधता अधिनियम २००२. रिओ येथे १९९२ मध्ये मांडल्या गेलेल्या जैवविविधता कराराला भारताने १९९४ मध्ये अनुमोदन दिले व त्याच्या पूर्ततेसाठी हा कायदा केला. राष्ट्रीय प्राधिकरण, राज्य मंडळ आणि स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती अशी त्याची त्रिस्तरीय रचना आहे. गावाच्या हद्दीतील जैविक संसाधनांच्या वापराविषयी निर्णय घेताना वरच्या दोन्ही संस्थांनी या समितीशी विचारविनिमय करावा, अशी तरतूद कलम ४१ मध्ये आहे. येथे वन आणि वनेतर असा भेद नाही, हे या कायद्याचे वैशिष्ट्य होय.

गायरानाचा पेच

महसुली दप्तरात आणि नियोजनात गवताळ माळ बहुधा ‘पडीक’ गणला जातो. मारवेल, पवन्या, कुसळी यांसारखी गवते, तितर व चंडोल यांसारखे पक्षी, लांडगा, तसेच मेंढपाळांचे कळप यांचा तो अधिवास असतो. वृक्षलागवड मोहिमांत अशाच जमिनींची निवड होते, तेव्हा हिरवाई वाढूनही गवताळ परिसंस्था नष्ट होऊ शकते. सौरऊर्जा प्रकल्पांसाठीही शासकीय जमिनींवर, त्यांत गायरानांवर, दृष्टी आहे.

या प्रश्नाला सामाजिक न्यायाची बाजूही आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक जमिनीवरील कसणाऱ्याचा हक्क पुढे आणला. मराठवाड्यातील अनेक दलित कुटुंबांचा निर्वाह आजही गायरानाच्या तुकड्यावर चालतो. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी सार्वजनिक जमिनींवरील बेकायदा ताबे हटविण्याचे निर्देश दिले. मात्र शासनाने भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना रीतसर दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद मान्य केला. संवर्धनाच्या नावाने सर्वांत दुर्बल घटकास प्रथम हटविणे या निर्णयाच्या आशयाशी सुसंगत ठरत नाही. कसणाऱ्याचा हक्क ठरविणे आणि उरलेले गवत राखणे ही दोन्ही कामे एकाच ग्रामसभेपुढे आहेत.

नोंदवहीचे महत्त्व

अशा निर्णयांसाठी पुरावा लागतो. लोकजैवविविधता नोंदवही हा तो पुरावा होय. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये सर्व स्थानिक संस्थांत समित्या व नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत ठरवून दिली. त्यामुळे संख्या झपाट्याने वाढली. परंतु अल्पावधीत भरलेल्या नोंदवहीत ऋतुमानानुसार होणारे बदल येणे कठीण असते. गवतांची ओळख पावसाळ्याच्या अखेरीस, ती फुलोऱ्यावर असतानाच खात्रीने पटते. त्यांचे गुण मात्र मेंढपाळ व गुराखी यांनाच ठाऊक असतात.

बियाण्यांबाबतही हेच लागू पडते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिकोची स्थापना केल्यापासून जालना बियाणे उद्योगाचे केंद्र बनले. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार लाभला. सुधारित वाणांची निर्मिती अखेर पारंपरिक वाणांच्या गुणांवरच आधारलेली असते. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने वाण जतन करणाऱ्या शेतकऱ्याचे श्रेय मान्य केले आहे. गावातील ज्वारी, तूर, करडईच्या जुन्या वाणांची नोंदच झाली नाही, तर हे श्रेय मागण्यास आधार उरत नाही.

समारोप

२०२३ च्या दुरुस्तीने जैविक विविधता कायद्यातील कारावासाची तरतूद काढून त्या जागी आर्थिक दंड आणला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. शिक्षेचा धाक कमी होत असताना स्थानिक समितीची सजगता अधिक मोलाची ठरते. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल व समाजशास्त्र या विभागांनी परिसरातील एकेका गावाची नोंदवही दरवर्षी तीनही ऋतूंत तपासली आणि ती ग्रामसभेपुढे वाचून दाखविली, तर महाविद्यालयांना या धोरणात प्रत्यक्ष स्थान मिळेल. ज्या माळाची नोंद नाही, त्याच्या बाजूने ग्रामसभेत बोलणे कोणासही कठीणच जाते.