एक खिडकी, अनेक चिठ्ठ्या

सहामाही परीक्षेचे दिवस आहेत. शाळेच्या संगणकावर एका खिडकीत प्रश्नपत्रिका तयार होत आहे, दुसरीत पाठ्यपुस्तक उघडलेले आहे, तिसरीत गुणतक्ता आहे, चौथीत पालकांना पाठवायचे पत्र आहे आणि पाचवीत वर्गाची यादी. पडदा मात्र एकच! एक खिडकी दुसरीला झाकते आणि हवी ती शोधण्यातच वेळ जातो. मग खिडक्यांची व्यवस्था लावायची कशी?

एक सोपा उपाय म्हणजे खिडक्यांची कामानुसार वेगवेगळ्या दालनांत वाटणी करणे. एका दालनात प्रश्नपत्रिकेचे काम, दुसऱ्यात गुणांचे, तिसऱ्यात पत्रांचे. पण वर्गाची यादी कोठे ठेवायची? ती गुण भरतानाही लागते आणि पत्रे लिहितानाही. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९८६ साली ‘रूम्स’ नावाची रचना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोरही हा प्रश्न होता. त्यांच्या रचनेत एकच खिडकी अनेक दालनांत दिसू शकत असे.

२००६ साली अ‍ॅन्सेल्म गार्बे यांची ‘डीडब्ल्यूएम’ ही आज्ञावली प्रसिद्ध झाली. लिनक्ससारख्या प्रणालीवर खिडक्यांची मांडणी करणे हे तिचे काम. तिने दालनांची कल्पनाच बाजूला ठेवली. ग्रंथालयात पुस्तक एकाच फळीवर असते, पण त्याची कार्डे लेखकाच्या, नावाच्या आणि विषयाच्या खणांत असतात. तसेच येथे आहे. खिडकीला दालनात बंद करायचे नाही, तिला चिठ्ठ्या चिकटवायच्या. अशा चिठ्ठीला ‘टॅग’ म्हणतात. मुळात असे नऊ टॅग दिलेले असतात. ‘ऑल्ट’ कळ धरून २ दाबले, की दुसरी चिठ्ठी असलेल्या सर्व खिडक्या समोर येतात. सोबत ‘कंट्रोल’ धरून ३ दाबले, की तिसऱ्या चिठ्ठीच्या खिडक्याही त्यांत मिसळतात. बाकीच्या खिडक्या बंद होत नाहीत. त्या पडद्याच्या डाव्या कडेबाहेर सरकवल्या जातात आणि त्यांचे काम चालूच राहते.

आता गंमत पाहा. कोणती खिडकी दाखवायची, हे संगणक ठरवतो कसे? त्यासाठी तो द्विमान पद्धतीतील अंक वापरतो. समजा, तीनच टॅग आहेत: प्रश्नपत्रिका ००१, गुण ०१० आणि पत्रे १००. यादीला गुण व पत्रे या दोन्ही चिठ्ठ्या आहेत, म्हणून तिची संख्या ११०, म्हणजे आपल्या नेहमीच्या पद्धतीत ४ + २ = ६. आपण गुणांचा टॅग, म्हणजे ०१०, पाहायला मागितला. संगणक दोन्ही संख्या एकाखाली एक मांडतो आणि जेथे वर-खाली दोन्हीकडे १ असेल, तेथेच १ लिहितो:

११०
०१०
———
०१०

उत्तर शून्य नाही, म्हणून यादी दिसते. प्रश्नपत्रिकेच्या खिडकीची संख्या ००१. ती ०१० शी ताडली तर उत्तर ०००, म्हणून ती दिसत नाही. गणिताच्या भाषेत सांगायचे तर दोन संचांचा छेद रिक्त नसेल, तर खिडकी दिसते. नऊच्या नऊ टॅग लावलेल्या खिडकीची संख्या किती? १ पासून २५६ पर्यंत दुप्पट होत जाणाऱ्या नऊ संख्यांची बेरीज, म्हणजे ५११.

वर्गात करून पाहा

फळ्यावर तीन गट लिहा: कबड्डी, वक्तृत्व, विज्ञान मंडळ. प्रत्येक मुलाने कागदावर तीन अंक लिहावेत: त्या त्या गटात असल्यास १, नसल्यास ०. शिक्षकांनी ०१० असा पुकारा करताच मधला अंक १ असलेल्यांनी उभे राहायचे. मग ११० पुकारा. आता पहिल्या दोन जागांपैकी एका जागी जरी १ असला, तरी उभे राहायचे. काही मुले दोन्ही वेळा उठतील. संच, छेद आणि द्विमान संख्या एकाच खेळात येतील.

शेवटी १११ पुकारा. तरीही काही मुले बसलेलीच राहतील का? त्यांची संख्या ००० आहे. ती कशाशीही ताडली तरी उत्तर शून्यच येणार. खिडकीची संख्या ००० झाली, तर सर्व टॅग एकदम दाखवा म्हटले तरी ती दिसणार नाही. तिच्यातली आज्ञावली चालू असेल, पण कोणाच्या नजरेस पडणार नाही. म्हणूनच डीडब्ल्यूएममध्ये खिडकीची शेवटची चिठ्ठी काढण्याचा प्रयत्न केला, तर ती निघत नाही. प्रत्येक खिडकीला किमान एक चिठ्ठी राहतेच.

खेळात बसून राहिलेल्या मुलांची नावे मात्र आपण टिपून ठेवावीत. फळ्यावर चौथा गट कोणता लिहायचा, हे त्यांनाच विचारावे.