मुळांचा श्वास

अश्वगंधेचे मूळ आपण पारखतो; ते ज्या मातीत वाढले तिची चौकशी मात्र क्वचितच करतो. गतवर्षी आम्ही घेतलेली मुळे आतून काळी, कुजकट निघाली. विचारता कळले, शेतात पाणी साचले होते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांतील हवेवर मुळे श्वसन करतात. त्या पाण्याने भरल्या की प्राणवायू तुटतो, मूळ गुदमरते व बुरशी शिरते. वाळ्याच्या मुळांत मात्र हवेच्या पोकळ्या असल्याने तो पाणथळीतही तग धरतो. चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण देशांचे वर्णन आहे, हे येथे स्मरावे. वैद्य व औषधालयचालक बंधुभगिनींनी मूळ मोडून पाहावे आणि जमिनीचा निचरा कसा होता, हेही अवश्य विचारावे.